आधीचे मार्क

आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. सतरंजीवर मांडी घालून, खाली बघत बसलो होतो. सूनबाई पदराने डोळे पुसत सांगत होत्या की शेवटच्या महिन्यात मामंजींचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. सगळ्यांनी चुकचुकून माना हलवल्या. माझ्या शेजारी कंधारकर सर बसले होते. त्यांनी मान हलवली नाही. थोडे पुढे वाकून त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "आधी किती होतं?"

सूनबाईंचा पदर डोळ्यापाशीच थांबला. त्या म्हणाल्या, आधी एक भाकरी खायचे.

"आणि आजारी पडण्याच्या आधी?"

तेव्हाही एकच, सूनबाई म्हणाल्या, पहिल्यापासूनच बेताचं होतं. सरांनी समाधानाने मान डोलावली. "म्हणजे शेवटीही निम्म्याच्या खाली गेलं नाही," ते म्हणाले. मी त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी गुडघा बाजूला घेतला. त्यांना वाटलं, मला बसायला जागा कमी पडते आहे.

आमच्या गल्लीत त्यांना कोणी कंधारकर सर म्हणत नाही, 'आधीकिती सर' म्हणतात. बोअरचं पाणी वाढलं म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी खुशीत जिना चढून आला, तर याच प्रश्नावर खुशी दारातच ठेवून परत गेला. माझ्या बायकोचं वजन योगाच्या क्लासने उतरलं. सरांनी जिन्यात, चार बायकांसमोर, तेच विचारलं. आधीचा आकडा सांगायला नको म्हणून तिने योगच सोडून दिला. लातुरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासेसचे फ्लेक्स असतात, डॉक्टर झालेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले. सर त्या फ्लेक्सखाली उभे राहून क्लासच्या वॉचमनला विचारायचे, "ही मुलं इथं आली तेव्हा किती मार्कांची होती?" वॉचमन म्हणायचा, आपल्याला गेटच्या आतलं काही माहीत नाही. सर म्हणायचे, "मलाही गेटच्या बाहेरचंच विचारायचं आहे."

यात टिंगल नसायची. टिंगल असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं.

सरांवर लिहायचं तर रागानेच लिहायचं असं मी ठरवलं होतं. तसं कारणही होतं. पण आता राग धड जमत नाही, मधेच लाज येते.

आधी माझं सांगतो, नाहीतर तक्रार समजायची नाही. मी औशाचा. मेडिकल दुकानाचा माल सायकलवर पोचवण्यापासून सुरुवात केली आणि आज लातुरात माझी औषधांची स्वतःची एजन्सी आहे. कुणी हात दिला नाही, कुणाची शिफारस नव्हती. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं. कंपनीचा माणूस दहावर एक फुकट म्हणाला की मी दहावर दोनवर अडतो, आणि तो उठून गेला तर जिन्यापर्यंत मागे जातो. डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे. पण शिकलेल्या माणसाने आपल्याकडे चष्म्यावरून पाहिलं की ते जरा जास्तच लवकर तापतं.

सर आणि सुशीलाकाकू माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सर मूळचे कंधारचे. सगळी नोकरी नांदेडला झाली. डॉक्टर होणाऱ्या पोरांना ते संख्याशास्त्र शिकवायचे. कुणी नवीन औषध रोग्यांवर तपासत असलं की तो आकडे घेऊन सरांकडे यायचा. सर म्हणायचे, औषध घेतल्यावर किती उतरलं ते प्रत्येक जण सांगतो, चढलेलं किती होतं ते विचारावं लागतं. आयुष्यभर ते तेवढंच विचारत आले.

काकू देगलूरच्या. माहेरच्या घरात मराठी आणि तेलुगू दोन्ही. मराठीत बोलायच्या, पण लाडात आल्या किंवा चिडल्या की तेलुगूवर जायच्या. मला कितीदा तरी "तिनु रा" म्हणत ताट पुढे ओढायच्या, म्हणजे खा रे. मूलबाळ नाही. काकूंची धाकटी बहीण लातूरला असते म्हणून दोघांनी इथे फ्लॅट घेतला आणि पुढच्याच वर्षी बहीण मुलाकडे पुण्याला राहायला गेली. सर म्हणाले, "आता इथं आधीपेक्षा एक माणूस कमी." काकूंनी तेलुगूत काहीतरी सुनावलं.

आता तक्रार.

मी एक चूर्ण काढलं होतं, 'ध्यानमणी' नावाचं. ब्राह्मी, शंखपुष्पी आणि बरीचशी खडीसाखर. स्मरणशक्तीसाठी. लातुरात स्मरणशक्तीला काय मागणी आहे हे मी सांगायला नको. गावोगावची पोरं इथे खोल्या करून राहतात, मेसचं जेवतात आणि दिवसरात्र पाठ करतात. एका मोठ्या क्लासच्या डायरेक्टरशी माझं बोलणं झालं. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पोराच्या बॅगेत पुस्तकांबरोबर माझा डबा. त्याची अट एकच होती. या चूर्णाने मार्क वाढतात, एवढी एक ओळ हवी आणि खाली जाणकाराची सही हवी. जाणकार तर माझ्या समोरच्या दारात बसून सकाळचा पेपर वाचत होता.

नुसतं सही करा म्हणण्याइतका मी बिनडोक नाही. मी पुरावा तयार केला. माझा मेहुणा रेणापूरचा, लातुरात मुलांचं होस्टेल चालवतो. रविवारच्या टेस्टमध्ये सगळ्यात कमी मार्क पडलेली पोरं मी त्याच्याकडून निवडून घेतली आणि त्यांना चूर्ण सुरू केलं. पुढच्या टेस्टला जवळजवळ सगळ्यांचे मार्क वाढले. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो.

सरांनी पेढा खाल्ला. मग प्रश्न आला. मी तयारच होतो, आधीचेही मार्क सांगितले, नंतरचेही सांगितले.

"हीच पोरं का निवडलीस?" सरांनी विचारलं.

"गरज त्यांनाच होती की."

"त्यांच्यातल्या कुणाला त्या रविवारी ताप असेल. कुणाचा घरच्या फोनमुळे पेपरात जीव लागला नसेल. तू त्यांचा वाईट दिवस गाठलास, बालाजी. वाईट दिवसानंतर बरा दिवस येतोच. तो आला आणि त्याचं नाव तुझ्या डब्याला मिळालं."

मी म्हणालो, मग काय करू. सर खुलले. त्यांना असं कुणी विचारलं की ते लग्नघरातल्यासारखे खुलायचे. निम्म्या पोरांना चूर्ण द्यायचं, निम्म्यांना तसल्याच डब्यातून तसलंच दिसणारं दुसरं काहीतरी. चिठ्ठ्या टाकून वाटायचं. पोरांना कळू द्यायचं नाही. काकूंनी आतून सुचवलं, सातूचं पीठ द्या, गूळ घालून. त्यांनीच ते करून दिलं. त्या पिठाचे डबे इतके लवकर संपले की माझ्या मेहुण्याला कुलूप लावावं लागलं. चूर्णाच्या डब्यांना कुलूप लागलं नाही. हे मी तेव्हा सरांना सांगितलं नव्हतं.

टेस्ट झाली. चूर्णवाल्यांचे मार्क सातूवाल्यांपेक्षा सरळ सरळ जास्त. मी बायकोला सांगितलं, आता कसा सुटतो बघतो. सरांनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि अर्थात विचारलं, यांचे आधीचे किती होते?

तेव्हा उघडकीला आलं की मेहुण्याने चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. त्याला वाटलं, दाजींचं औषध आहे, चांगल्या घरी पडावं. म्हणून त्याने अभ्यासू पोरांना चूर्ण दिलं आणि उनाड पोरांना सातू. चूर्णवाले आधीपासूनच वर होते.

"मग नुसती वजाबाकी करा," मी म्हणालो. "नंतरच्यातून आधीचे काढा. जेवढे वाढले तेवढे माझे."

"तेवढ्यानंही न्याय होत नाही," सर म्हणाले. "खालून निघालेला भराभर चढतो, वर पोचलेल्याला चढायला जागाच कमी असते. सारख्या जागेवरून निघालेले शेजारी शेजारी उभे करायचे. चाळीसवाला चूर्णाचा आणि चाळीसवाला सातूचा. साठवाला, साठवाला. मग बघायचं कोण पुढं गेला."

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रेघा काढल्या. एक माझ्या चूर्णाची, एक काकूंच्या सातूची. मला एकच रेघ दिसत होती. मी म्हणालो, सर, दुसरी कुठाय? सर म्हणाले, "हिच्याखालीच आहे."

इथवर मी सोसलं. बंद दाराआडची गोष्ट होती. मी म्हणालो, सर, तुम्ही सही नका करू, पण गप बसा. सर म्हणाले, मला कुणी विचारलं नाही तर मी कशाला बोलतोय.

सव्वीस जानेवारीला बिल्डिंगच्या अंगणात झेंडावंदन होतं. पाहुणा म्हणून मी मोठ्या हौसेने त्या डायरेक्टरलाच बोलावलं. चहाच्या वेळी तो सरळ सरांकडे गेला आणि विचारून बसला, चूर्णाचं काय म्हणता? सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, पोरांना नुकसान काही नाही, मार्क वाढले. पण सातूच्या पिठानेही तेवढेच वाढले. सातू तुम्हाला स्वस्त पडेल.

सगळं अंगण हसलं. डायरेक्टर हसला. चहा वाटणारासुद्धा हसला. माझ्या तोंडून त्या वेळी काय काय निघालं ते सगळं लिहीत नाही. लई शिकल्याचा माज हाय, आयुष्यभर दुसऱ्याचं उणं काढून राहिला, स्वतः एक डबा तरी विकून दाखवा, असं बरंच निघालं. सर उभे राहून ऐकत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता, विचारलं म्हणून तर सांगितलं अशा अर्थाचा. बायकोने माझं कोपर धरून जिन्यापर्यंत नेलं. घरात आल्यावर ती एवढंच म्हणाली, "झेंड्याखाली तरी दमानं घ्यायचं." त्या दिवशी मला लाज वाटली, पण ती चारचौघांत माझी फजिती झाली म्हणून. माझ्याच वागण्याची वाटायची ती लाज अजून यायची होती.

त्यानंतर मी सरांशी बोलणं टाकलं. दार उघडलं आणि समोर ते दिसले की मी काहीतरी विसरल्यासारखं करून आत जायचो. जिन्यात गाठ पडली की ते थांबायचे. मी थांबायचो नाही.

मग काकूंचे डबे यायला लागले. काकू आधीही डबा पाठवायच्या, सणावाराला, चिंचेचा भात म्हणजे त्यांचा पुलिहोरा. पण आता सारखाच यायला लागला. एकदा सकाळी भात आला, दुपारी पुन्हा भात आला आणि दिवेलागणीला काकू स्वतः डबा घेऊन दारात उभ्या. "तुझ्यासाठी केलाय, बालाजी. बरेच दिवस दिला नव्हता."

मी व्यापारी माणूस. समोरचा पुन्हा पुन्हा यायला लागला की त्याचा अर्थ मला एकच कळतो. मी बायकोला म्हणालो, भाव पडतोय. सरांना स्वतःला यायला जड जातंय म्हणून काकूंना पुढे करून राहिले. अजून थोडं ताणू दे, सही घरपोच येईल. बायको म्हणाली, मला तसं नाही वाटत, आज त्यांनी मला दोनदा नाव विचारलं. मी म्हणालो, तू लक्ष नको देऊ. तिसरा डबा मी तसाच परत पाठवला, आम्हाला नको म्हणून. माझ्या हिशोबात ती घासाघीस होती.

एके दिवशी दुपारी सर माझ्या एजन्सीत आले. दुकानदारांची गर्दी होती. सर मागे उभे राहिले. पुढचा सरकला की ते मागच्याला वाट करून द्यायचे. असं करत करत सगळी गर्दी गेली, माझा माणूसही जेवायला गेला, तेव्हा सर काउंटरपाशी आले. आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं.

"तुझं ते चूर्ण शिल्लक आहे का, बालाजी? एखादा डबा?"

माझ्या मनात काय झालं ते सांगायलाच पाहिजे. आनंद झाला. अंगणात जे हसले होते ते सगळे आत्ता इथे हवे होते असं वाटलं. मी खुर्चीत मागे रेललो. म्हणालो, आहे, देतो, पण फुकट न्हाई. आणि खणातून डब्याच्या झाकणाचा छापलेला नमुना काढला. 'मार्क वाढतात' ही ओळ होती आणि तिच्याखाली सहीची मोकळी जागा.

"ही सही करा आधी."

मला वाटलं, आता ते चष्मा काढतील, पुसतील आणि अर्धा तास समजावतील. मी ऐकून घ्यायला आणि परत अडायला तयार होतो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. सरांनी खिशातून पेन काढलं. जो माणूस लाइटबिलसुद्धा दोनदा वाचतो, त्याने ती ओळ वाचली नाही. काउंटरवर वाकून सही केली, पूर्ण नाव, एम.एस्सी.सकट. कागद माझ्याकडे सरकवला आणि डब्यासाठी हात पुढे केला.

माझ्या आयुष्यात मी इतका स्वस्त सौदा कधी केला नाही. आणि सौदा इतका स्वस्त झाला की मालात खोट असते, हे मला माहीत असायला हवं होतं. पण मी अजून जिंकण्यातच होतो. मी डबा धरून ठेवला आणि हसत म्हणालो, "कुणासाठी हाय ते तरी सांगा. आणि आधी किती होतं? नंतर वाढलं का न्हाई ते कसं कळायचं?"

सर काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मोजलं नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"सुशीलासाठी आहे," ते म्हणाले. "ती विसरायला लागली आहे. नांदेडला दाखवून आणलं. डॉक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, सर, गोळ्या सुरू करण्याआधी एकदा परीक्षा घेऊ. वार विचारायचा, घड्याळ काढायला लावायचं, तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगायच्या. मार्क असतात त्याला. म्हणाला, आधीचे मार्क हवेत ना, सर, तुम्हीच शिकवलंय. मी नको म्हटलं."

"कामून?"

"मार्क मिळाले असते, बालाजी. पुढच्या महिन्यात पुन्हा मिळाले असते. आणि मला वजाबाकी येते."

मी डबा सोडला. सरांनी तो घेतला नाही, काउंटरवर तसाच राहू दिला. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी नको ते बोललो. म्हणालो, "सर, त्यात काही न्हाई. खडीसाखर हाय."

"माहीत आहे. रेघ मीच काढली होती."

"मग कशाला?"

"गोळ्या सकाळी एकदा देतो. त्यानंतर सगळा दिवस असतो. रिकाम्या हातानं तिच्यापुढं बसवत नाही."

त्यांनी पैसे काढले. मी घेतले नाहीत, तर ते काउंटरवर ठेवून गेले. जाताना त्यांनी डबा पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड मुठीत धरलं. रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटलं तर दिसू नये म्हणून. माझं औषध नेताना माणसाला लपवावं लागतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि तो नमुना माझ्यासमोर पडला होता, शाई अजून ओली.

तीन डबे एका दिवसात. बायकोला दोनदा विचारलेलं नाव. 'बरेच दिवस दिला नव्हता.' सगळं माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं आणि मी त्याचा भाव लावत बसलो होतो. परत आलेला डबा बघून काकूंनी काय केलं असेल? त्यांना काय वाटलं असेल? का वाटायच्या आत विसरल्या असतील? यातलं काय बरं, तेही मला ठरवता येईना.

मी दुकान लवकर बंद केलं. नमुना फाडला. संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. आयुष्यात तशी वेळ दुसऱ्यांवरच आणली. जिना चढताना दोन वाक्यं जुळवली होती, बेल वाजवेपर्यंत एकच उरलं.

दार सरांनी उघडलं. माझा चेहरा बघून ते बाजूला सरकले. हाताने आत ये म्हणाले. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, केस विंचरलेले, नीट पातळ नेसलेल्या. समोर स्टूल, स्टुलावर दुधाचा पेला आणि माझा डबा. सरांनी चमचाभर चूर्ण दुधात टाकलं आणि ढवळत ढवळत विचारायला सुरुवात केली.

"आज वार कोणता, सुशीला?"

काकू खिडकीकडे बघत राहिल्या. सरांनी क्षणभर वाट पाहिली.

"आज गुरुवार आहे, हो ना?"

"हाव," काकू म्हणाल्या.

"बरोबर." सरांनी पेला त्यांच्या हातात दिला. "हे दूध आहे की ताक?" काकूंनी घोट घेतला आणि दूध म्हणाल्या. तेही बरोबर. "आपलं देगलूर मोठं की कंधार मोठं?" देगलूर, काकू ठासून म्हणाल्या. सर म्हणाले, अगदी बरोबर. ते कंधारचे आहेत. माझ्याकडे न बघताच ते हळूच म्हणाले, "पेपर रोज थोडा सोपा काढतो."

मी तिथे उभा होतो, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ज्याने एका चाळीसवाल्याशेजारी दुसरा चाळीसवाला उभा केल्याशिवाय मला एक मार्क दिला नाही, तो माणूस समोर बसून पूर्ण मार्क वाटत होता.

दूध संपलं. काकूंनी पेला खाली ठेवला, पदर सावरला आणि सरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अदबीने म्हणाल्या, "मीरु एवरु?"

एवढं तेलुगू मला येतं. तुम्ही कोण?

मला वाटलं, सर आता कोसळतील. सरांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. स्टूल थोडं मागे सरकवून त्यावर ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मी व्यंकट," ते म्हणाले. "कंधारचा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे. नांदेडला नोकरी लागली आहे. व्यसन नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला बघायला आलोय."

हे आज पहिल्यांदा होत नव्हतं. ते त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

काकू लाजल्या. त्यांनी मान फिरवली आणि त्यांना मी दिसलो. दारापाशी उभा, हात पुढे बांधलेला, पोट सुटलेला माणूस. माझ्याइतका मध्यस्थासारखा माणूस शोधून सापडला नसता. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"अब्बायी कसा आहे हो? तुमच्या ओळखीतला आहे ना?"

म्हणजे मुलगा कसा आहे. मी सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"ओळखीतला हाय," मी म्हणालो. "समोरच राहतो आमच्या. लई चांगला हाय."

"खोटं तर नाही ना बोलत?"

"बोलताच येत न्हाई त्याला, काकू."

काकूंनी जरा विचार केला. मग बाप-भाऊ जवळ नाहीत, आपल्यालाच बघावं लागणार, अशा बेताने आवाज हलका करून मला विचारलं, "आणि मागणं काय आहे त्यांचं?"

भाव केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलं नाही, काही दिलं नाही. मी म्हणालो, "काहीच न्हाई. मुलाकडच्यांचं काहीच मागणं न्हाई."

सरांनी मान वर केली नाही. बघायला आलेल्या मुलासारखे ते तसेच, गुडघ्यांवर हात ठेवून, पसंतीची वाट बघत बसले.